राइड ऑपरेटरचं ट्रेनिंग : पहिला आठवडा, घोडबंदर रोड

कळव्याची_लोकल
सोमवार, रात्री १०:१५

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

टी.वाय. बी.कॉम.ची परीक्षा संपली आणि ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या एका अम्युझमेंट पार्कमध्ये सुट्टीच्या हंगामासाठी राइड ऑपरेटर म्हणून लागले. पार्कचं नाव लिहीत नाही, कृपया कुणी अंदाजही लावू नका. लागण्याआधी खूप शोधलं. तिकिटाचे दर सापडले, फोटो सापडले, पण आत काम करणाऱ्या माणसाला पहिल्या आठवड्यात काय शिकवतात हे मराठीत कुठेच मिळालं नाही. म्हणून जमेल तसं लिहून ठेवतेय. माझ्यानंतर येणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

पहिला दिवस : राइडला हातसुद्धा लावू दिला नाही. सकाळी कागदपत्रं. आधार, पासबुक, फोटो, डॉक्टरचं सर्टिफिकेट. मग ट्रेनिंगच्या सरांनी आम्हा चौदा जणांना उन्हातून पार्कभर फिरवलं. हातात नकाशा, त्यात फक्त रस्ते. बाकीचं आम्ही भरायचं : पिण्याचं पाणी, स्वच्छतागृहं, फर्स्ट एडची खोली, आग विझवायची नळकांडी, बाहेर पडायचे दरवाजे, अँब्युलन्स आत येते तो रस्ता. जेवणानंतर सरांनी नकाशे काढून घेतले, कोरे कागद दिले आणि सगळं आठवून परत काढायला लावलं. माझी दोन नळकांडी राहिली.

सर म्हणाले, "दिवसभरात तुम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारतील, टॉयलेट कुठे आहे. उत्तर देताना नजर राइडवरून हलता कामा नये. म्हणून हे पाठ पाहिजे." दुपारपर्यंत मला वाटत होतं की शाळेसारखं पाठांतर कशाला. तेव्हा कळलं कशाला ते.

कपड्यांचे नियम कडक आहेत. केस जाळीत, ओढणी नाही, अंगठी आणि बांगड्या घरी ठेवून यायच्या. चालत्या बारमध्ये (सीटवर मांडीवर येणारी दांडी) अंगठी अडकली तर बोट जातं, असं सरळ सांगितलं. आजीने दिलेली अंगठी चार वर्षांत पहिल्यांदा काढली. बोटावर पांढरा वळ राहिलाय.


ऐरोलीची_आई
सोमवार, रात्री १०:५०

छान लिहिलं आहेस बाळा. माझा मुलगा वीस वर्षांचा आहे, शाळेत असल्यापासून पोहतो. त्याला सुट्टीत वॉटर पार्कमध्ये लाइफगार्ड व्हायचंय. त्याच्या बाबांचा विरोध आहे, मला नुसती काळजी आहे. नेरुळच्या वंडर्स पार्कमध्ये टॉय ट्रेनमध्ये बसायला रडायचा तो, आणि आता दुसऱ्यांच्या जिवाची जबाबदारी घ्यायला निघालाय. कुणी हे काम केलं असेल तर खरं काय ते सांगा.


जुना_ऑपरेटर
सोमवार, रात्री ११:३०

कळव्याची_लोकल, धागा चालू ठेव. मी या धंद्यात सोळा वर्षं काढली, पाळण्यांपासून सुरुवात केली. आमच्या वेळी ट्रेनिंग म्हणजे जुन्या माणसाच्या शेजारी दोन दिवस उभं राहायचं, तिसऱ्या दिवशी तो चहाला गेला की राइड आपली. तुझे सर कोरा कागद देतायत, म्हणजे चांगल्या हातात पडली आहेस.

एक सांगतो. बूट नवीन घालू नकोस. दहा तास काँक्रीटवर उभं राहायचंय. आणि तहान लागण्याची वाट न बघता दर अर्ध्या तासाला पाणी पी. एप्रिल-मेमध्ये चक्कर येऊन पडणाऱ्यांत निम्मी पोरं आमचीच असायची, गेस्ट नव्हे.


नेरुळ_सेक्टर_वीस
मंगळवार, सकाळी ८:०५

मी फ्लोरिडाला डिस्नेच्या पार्कमध्ये एक वर्ष काम करून आले, म्हणून लिहितेय. तिथेही पहिल्या दिवशी राइडचं तोंड दिसत नाही. 'ट्रॅडिशन्स' नावाचा वर्ग असतो. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात पहिलं डिस्नेलँड उघडलं तेव्हापासूनच्या गोष्टी सांगतात, आणि कर्मचाऱ्याला कर्मचारी न म्हणता 'कास्ट मेंबर' म्हणतात, म्हणजे नाटकातला पात्रवर्ग. लोकांना दिसतो तो भाग रंगमंच, बाकीचा पडद्यामागचा. निर्णय घेताना कशाला आधी महत्त्व द्यायचं याचा क्रम ठरलेला असतो : सुरक्षितता सगळ्यात वर, काम पटापट उरकणं सगळ्यात शेवटी. रांग कितीही लांब असली तरी हा क्रम बदलत नाही.

तिथे एका बोटाने वाट दाखवायची नाही. दोन बोटांनी किंवा पूर्ण तळहाताने. वर्गातल्या बाकीच्यांना ते नवीन होतं. मला आईचं आठवलं, देवाकडे एक बोट दाखवलं की हातावर फटका मिळायचा.


कळव्याची_लोकल
बुधवार, रात्री ९:४०

सगळ्यांचे आभार. मंगळवार आणि बुधवार मिळून लिहितेय.

मंगळवारी सकाळी सातला बोलावलं. पार्क उघडायच्या आधी राइड कशी तपासतात ते दाखवलं. आधी मेंटेनन्सवाले सगळं बघतात : नट-बोल्ट, वेल्डिंगचे जोड, हवेचा दाब, तेल. मग राइड रिकामी फिरवतात. मग त्यांची वहीत सही, आणि तेव्हा कुठे किल्ली ऑपरेटरकडे येते. त्यानंतर आपली तपासणी वेगळी. प्रत्येक बार, प्रत्येक बकल, गेटची कडी, माइक, लाल बटण. मेंटेनन्सचा माणूस आत काम करत असेल तर मेन स्विचला स्वतःचं कुलूप आणि नावाचा टॅग लावतो. ते कुलूप त्याच्याशिवाय कुणी काढायचं नाही, मालक आला तरी.

आज बुधवारी जे झालं ते मात्र सविस्तर लिहायचंय.

माझी राइड सोळा सीटची, गोल फिरत वर-खाली जाणारी. मांडीवर बार आणि त्याला जोडून पट्ट्याचं बकल. सरांनी आमच्यातल्याच सोळा जणांना, म्हणजे ट्रेनी आणि कँटीनची तीन पोरं, बसवलं आणि मला म्हणाले, तपास. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, सगळं बघितलं, अंगठा वर केला. सरांनी राइड चालू केली नाही. म्हणाले, "अकरा नंबर."

अकरा नंबरच्या मुलाचं बकल नुसतं टेकवलेलं होतं, लागलेलं नव्हतं. सरांनी मुद्दाम तसं सांगितलं होतं त्याला. मी बघितलं होतं हो. दोन्ही भाग एकमेकांना चिकटलेले दिसले होते. ओढून बघितलं नव्हतं.

सर रागावले नाहीत. त्यांनी मला अकरा नंबरवर बसवलं, बकल तसंच टेकवलं आणि म्हणाले, आता थोडी पुढे सरक. पट्टा मांडीवरून घसरून खाली गेला. काहीही आवाज झाला नाही. मला वाटत होतं चुकीचं बकल असेल तर ते दिसेल, खुळखुळेल, काहीतरी कळेल. काहीच कळत नाही.

नंतर चाळीस वेळा तपासणी केली. बार खाली दाबायचा, मग वर ओढायचा, बकल खेचायचं, पुढचं सीट. बोटांची सालं निघालीयत.


जुना_ऑपरेटर
बुधवार, रात्री १०:२०

प्रत्येकाचा एक अकरा नंबर असतो. तुझा ट्रेनिंगमध्ये झाला.

दोन गोष्टी अंगात भिनव. पहिली, क्रम कधीही बदलायचा नाही. एक नंबरपासून सुरुवात म्हणजे एक नंबरपासूनच, मग सात नंबरची बाई आधी हाका मारत असली तरी. दुसरी, मध्ये कुणी अडवलं, काही विचारलं, माइकवर बोलावं लागलं, तर परत एक नंबरपासून. "मी नऊपर्यंत आले होते" असं आठवून पुढे जायचं नाही. आठवण चुकते.

आणि सोडायचा इशारा दोघांनी द्यायचा. प्लॅटफॉर्मवरच्याचा अंगठा दिसल्याशिवाय पॅनलवरच्याने बटण दाबायचं नाही. तो तुझा सख्खा भाऊ असला तरी.


स्प्रिंगवॉशर
बुधवार, रात्री ११:०५

मी मेकॅनिकलचा, रबाळे एमआयडीसीत नोकरी. राइडशी पोटापाण्याचा संबंध नाही, पण विषय आवडीचा आहे.

रोलर कोस्टरबद्दल लोकांना उलटं वाटतं. ब्रेक दाबला की गाडी थांबते, असं मोटारसायकलवरून आपण धरून चालतो. कोस्टरचे ब्रेक साधारणपणे मुळात लागलेलेच असतात, स्प्रिंगच्या जोरावर. गाडी पुढे जाऊ द्यायची तर दाबाची हवा आत भरून ते उघडावे लागतात. वीज गेली, पाइप फुटला, तर ब्रेक आपोआप लागतो. चढावर साखळीने वर जाताना जो कट-कट-कट आवाज येतो तो गाडी मागे घसरू नये म्हणून लावलेल्या खटक्यांचा. चाकंही तीन बाजूंनी असतात : रुळाच्या वर, बाजूला आणि खालून. खालच्या चाकांची ही युक्ती अमेरिकेत जॉन मिलर यांनी १९१९ मध्ये पेटंट केली, आणि त्यामुळे गाडी रूळ सोडून वर उचलली जात नाही.

आणि पूर्ण रूळ तुकड्यांत वाटलेला असतो, एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. आपल्या लोकलच्या सिग्नलसारखंच. मुंब्र्याला पुढची गाडी उभी असेल तर मागची अलीकडच्या सिग्नलला थांबते, तसं.

म्हणजे यंत्र बनवणाऱ्याने बरंच काही आधीच विचारात घेतलेलं असतं. पण बकल लागलंय का हे बऱ्याच राइडना स्वतःला कळत नाही. ते तुझ्या हातात.


शिट्टीवाली
गुरुवार, दुपारी २:१५

ऐरोलीची_आई, मी पाच हंगाम लाइफगार्ड होते, आता नवीन मुलांना शिकवते. खरं काय ते सांगते.

पोहायला येणं ही फक्त सुरुवात आहे. पहिल्या दिवशी आम्ही शिकवतो की बुडणारा माणूस ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. त्याला श्वास पुरत नसतो, तर ओरडणार कुठून? तोंड पाण्याच्या रेषेवर खाली-वर होतं, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत असतात, शरीर उभं. लांबून बघणाऱ्याला वाटतं पोरगं खेळतंय. त्याच्या हातात मिनिटभरही नसतो. शेजारी चुलत भावंडं हसत असतात आणि त्यांना पत्ता नसतो.

म्हणून नियम असा : आपल्या वाट्याचं पाणी दहा सेकंदांत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघून झालं पाहिजे, आणि गरज पडली तर पुढच्या वीस सेकंदांत त्या माणसापर्यंत पोचलं पाहिजे. बघायचं म्हणजे तळही बघायचा. वेव्ह पूलमध्ये हे सगळ्यात अवघड, लाटेत सगळीच डोकी खाली-वर होतात आणि दुपारी तीननंतर ऊन पाण्यावरून डोळ्यांत येतं. एका खुर्चीवर फार वेळ कुणाला बसवत नाहीत, जागा बदलत राहतात, कारण नजर मरते.

सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवणं, येणं सक्तीचं. छाती मध्यभागी ५ ते ६ सेंटिमीटर दबेल असा दाब, मिनिटाला १०० ते १२०, तीस दाबांनंतर दोन श्वास. बुडालेल्या माणसाला सुरुवात श्वासाने करायची, कारण त्याला आधी हवाच मिळालेली नसते. हे बाहुलीवर करताना पोरांना घाम फुटतो. फुटू दे.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. लोकांशी सगळ्यात जास्त वाद कपड्यांवरून होतात. साडी, जीन्स, सुती कुर्ता घालून पाण्यात उतरू देत नाही, त्यांना वाटतं नायलॉनचा ड्रेस भाड्याने घ्यायला लावून पैसे काढतायत. सुती कपडा पाणी पिऊन जड होतो, पायात गुंडाळतो, आणि त्याचे धागे फिल्टरमध्ये जातात. तुमच्या मुलाला हे शांतपणे दिवसातून शंभर वेळा सांगता येईल का, ते बघा. येत असेल तर पाठवा त्याला. बाबांना म्हणावं, घरात एक माणूस तरी असं असलेलं बरं.


घरून_काम
गुरुवार, सायंकाळी ६:४०

वाचून चांगलं वाटलं, पण स्पष्ट विचारतो. हंगाम संपला की पुढे काय? बी.कॉम. करून बटण दाबायची नोकरी का?


हिशोबनीस
गुरुवार, रात्री ८:००

पुढचं तीच ठरवेल. पैशाचं तेवढं मी सांगते. नेमणुकीचं पत्र लेखी घे, हंगामी असलं तरी. पगार २१,००० पर्यंत असेल आणि जागा ईएसआयमध्ये (कामगारांची सरकारी विमा योजना) येत असेल तर तुझ्याकडून ०.७५ टक्का कापला जाईल, मालक ३.२५ भरेल, तुझं कार्ड मागून घे, दवाखान्याला उपयोगी पडतं. पीएफचा यूएएन नंबर लिहून ठेव, पुढच्या नोकरीत तोच चालतो. महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, पगारपत्रकात २०० रुपये कापलेले दिसले तर विचार. ओव्हरटाइम दुप्पट दराने. माझ्या भाचीला एका ठिकाणी युनिफॉर्मच्या डिपॉझिटची पावती दिली नव्हती, सोडताना पैसे बुडाले. पावती घे.


कळव्याची_लोकल
शुक्रवार, रात्री १०:३०

हिशोबनीस ताई, पावती आजच मागितली, मिळाली. खूप आभार.

घरून_काम, पुढचं मला अजून ठरवायचंय. पण बटण दाबणं हे दिवसातलं सगळ्यात छोटं काम आहे. आजचंच सांगते.

माझ्या राइडला उंची १२० सेंटिमीटर लागते. मुख्य गेटवरच मोजून मनगटाला रंगीत पट्टी बांधतात, म्हणजे प्रत्येक राइडवर वाद नको. आज एक मुलगा आला, वाढदिवस होता त्याचा, सात वर्षांचा. पट्टी लाल, म्हणजे कमी. परत मोजला, ११७. वडील म्हणाले, तीन सेंटिमीटरने काय होतं, मी शेजारी बसतो, हवं तर लिहून देतो. मागे रांग. आमच्या गेटजवळ नमुन्याचं एक सीट आहे. मी त्यांना बसवलं, बार खाली घेतला, तो कुठे टेकतो ते दाखवलं. मग मुलाला बसवलं. बार शेवटच्या खाचेपर्यंत आला तरी त्याच्या मांडीवर माझी मूठ आरामात फिरत होती. वडिलांनी स्वतःची मूठ घालून बघितली. नंतर काही बोलले नाहीत.

मुलाचे डोळे भरले होते. मी खाली बसले आणि त्याला विचारलं, तुला कोणती राइड सगळ्यात आवडली? तो म्हणाला, बोटीची. मग त्याला बोटीकडे जायची वाट दाखवली, तळहाताने. नेरुळच्या ताईंची आठवण आली.

साडीवाल्या काकूंसाठी मी घरून सेफ्टी पिना नेल्यात. पदर आणि निऱ्या नीट खोचून घेतल्या की त्याही खूश. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत घालायला सांगते, काढायला सांगितलं तर फार वाईट वाटतं त्यांना.


कळव्याची_लोकल
शनिवार, रात्री ११:५०

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय.

आज गर्दी होती. मी पॅनलवर, सीनियर ताई प्लॅटफॉर्मवर. राइड चालू. कुणाची तरी टोपी उडाली आणि कठड्याच्या आत पडली. रांगेतला एक मुलगा, पंधरा-सोळाचा, कठड्याखालून वाकून टोपी उचलायला आत शिरला. सीट खाली येतात त्याच बाजूला.

मी लाल बटण दाबलं. राइड थांबली. त्याला काहीही झालं नाही, कुणालाही झालं नाही. पण एकदा लाल बटण दाबलं की मेंटेनन्सने येऊन तपासल्याशिवाय परत चालू करता येत नाही. सोळा माणसं वीस मिनिटं उन्हात अडकून बसली. माइकवर मी सांगत राहिले की तुम्ही सुरक्षित आहात, बार उघडायचा प्रयत्न करू नका. वरून शिव्या पडल्या. ताईंनी नंतर पाणी दिलं आणि वहीत मलाच लिहायला लावलं, वेळेसकट. साहेब येऊन म्हणाले, बरोबर केलंस.

पण मी लगेच दाबलं नाही. त्याला बघितलं आणि बटण दाबलं यात दोन सेकंद गेले. त्या दोन सेकंदांत माझ्या मनात आलं, लोक काय म्हणतील, तो स्वतःच बाहेर येईल. हे मी वहीत लिहिलं नाही, कारण तिथे तसा रकाना नाही. इथे लिहितेय.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना विचारायचंय. हात अडखळू नये म्हणून काय करता?


शिट्टीवाली
रविवार, सकाळी ६:१०

माझी पहिली शिट्टी वाजली नव्हती. ओठाला लावली आणि फुंकर निघेना. शेजारच्या खुर्चीवरच्याने उडी मारली. मुलगा वाचला. मी आठवडाभर रोज पार्क उघडायच्या आधी रिकाम्या पूलवर शिट्टी वाजवत होते. लोकांसमोर जोरात वाजवायची लाज वाटायची, ती घालवायला. तुझी अडचणही तीच दिसते, लोकांचं लक्ष आपल्याकडे ओढून घेण्याची. ती सवयीने जाते.


जुना_ऑपरेटर
रविवार, सकाळी ६:४५

सकाळच्या रिकाम्या फेरीला लाल बटण तपासायचं असतंच. ते तू स्वतः दाब, रोज. मेंटेनन्सच्या माणसाला सांग, मला दाबू द्या, नाही म्हणणार नाही तो. दाबताना मोठ्याने "थांबवतेय" म्हण. तोंडाने शब्द निघाला की हात मागोमाग जातो.

माझे दोन सेकंद नव्हते, चार होते. १२ वर्षं झाली, माणसाला फक्त खरचटलं होतं. अजून आठवतं. आठवू दे.


स्प्रिंगवॉशर
रविवार, सकाळी ७:३०

एक तांत्रिक भर. तुझ्या पॅनलवर साधं 'स्टॉप' आणि इमर्जन्सी अशी दोन बटणं असतील तर दोन्हींत नेमकं काय होतं ते तुझ्या राइडच्या मॅन्युअलमधून सरांकडून समजून घे. काही राइड इमर्जन्सीत जागीच थांबतात, उंचावर असल्या तरी. काही सावकाश खाली येतात. कोस्टर तर मधल्या उतारावर थांबवताच येत नाही, पुढच्या ब्रेकपर्यंत जाणारच. कालच्या प्रसंगी माणूस आत होता, लालच बरोबर. पण कुणी वर उलटी केली, कुणाला भीती वाटली, तर दुसरं बटण योग्य असू शकतं. हे आधी ठरलेलं असेल तर विचारात वेळ जात नाही.


कळव्याची_लोकल
रविवार, रात्री १०:०५

आज ६:५० ला पोचले. मेंटेनन्सच्या दादांना विचारलं, ते म्हणाले, दाब की. पाच वेळा राइड रिकामी फिरवली, पाच वेळा मी थांबवली, दर वेळी "थांबवतेय" म्हणून. पहिल्या दोनदा आवाज घशातच राहिला. पाचव्या वेळी पलीकडच्या राइडवरचा मुलगा काय झालं म्हणून बघायला आला.

सरांनी दोन्ही बटणांतला फरक दाखवला. माझ्या राइडला साधं स्टॉप दाबलं की ती फेरी पूर्ण करून खाली येते. आणि कठड्याखालची मोकळी जागा मी वहीत लिहिली होती, दुपारी तिथे जाळी मारली.

उद्या माझी तोंडी परीक्षा. पास झाले तर मंगळवारपासून पॅनलवर नावाचा बिल्ला.


ऐरोलीची_आई
रविवार, रात्री १०:४०

मुलगा पोहण्याच्या चाचणीत पास झाला ग. बाबा गप्प आहेत, पण काल त्याच्यासाठी पॉवरचा गॉगल करून आणला. त्याचंही पार्क घोडबंदरलाच आहे. ऐरोलीहून कसं जायचं, किती वाजता निघायचं?


कळव्याची_लोकल
रविवार, रात्री १०:५५

काकू, अभिनंदन! ट्रान्स-हार्बरने ठाण्याला उतरायचं, मग पश्चिमेला येऊन टीएमटीची घोडबंदरची बस. साडेसहाच्या आत ठाण्यातून निघाला तर बसायला जागा मिळते. शनिवार-रविवारी माजिवडा ते मानपाडा अर्धा-पाऊण तास जास्त धरा, परतताना त्याहून जास्त. डब्यात दहीभात नको, उन्हात आंबतो. पोळी-भाजी आणि एक काकडी द्या. आणि दोन जोड मोजे.